मुलांच्या घशाच्या संसर्गाची झटपट चाचणी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

ब्रह्मपुरी तालुक्यातील माझ्या दवाखान्यात मी मार्चपासून मुलांच्या घशातील 'गट अ' स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू ओळखणारी अँटिजेन चाचणी वापरत आहे. किट चांगले आहे. मात्र ते कोणत्या मुलासाठी उघडायचे, हे ठरवणे पट्टी वाचण्यापेक्षा अवघड आहे. सर्दी, खोकला किंवा बसलेला आवाज असेल तर दुखणे बहुधा विषाणूचे असते, आणि काही निरोगी मुलांच्या घशातही हा जिवाणू राहत असल्यामुळे तेथे पट्टीवर उमटलेली दुसरी, म्हणजे जिवाणू सापडल्याची, रेषा दिशाभूल करते. म्हणून 5 ते 15 वर्षांच्या मुलाला ताप आहे, टॉन्सिल सुजले आहेत, मानेतील गाठी दुखतात आणि खोकला नाही, असे असेल तरच मी स्वॅब घेतो.

उत्तर 5 ते 10 मिनिटांत मिळते. तरीही ही चाचणी 100 बाधित मुलांपैकी साधारण 85 जणांनाच पकडते, त्यामुळे लक्षणे ठळक असूनही दुसरी रेषा उमटली नाही, तर मी दुसरा स्वॅब कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून पाहण्यासाठी, पाठवतो. त्या अहवालासाठी दोन-तीन दिवस थांबता येते, कारण आजार सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध दिले तरी हृदयाच्या झडपा निकामी करणारा रुमॅटिक फिव्हर टाळता येतो.

खरी अडचण उन्हाळ्याची. किट 2 ते 30 अंशांत ठेवायचे असते आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो. वाटेत तापलेल्या एका खोक्यातील दोन पट्ट्यांवर पहिली, म्हणजे चाचणी नीट चालल्याचे दाखवणारी नियंत्रण रेषाच आली नाही, तेव्हा मी ते सगळे खोके बाद केले.

सर्वांत मोलाचा बदल पालकांमध्ये दिसला. रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून आलेली आई "सुई लावून द्या ना जी" म्हणते, तेव्हा एकच रेषा असलेली पट्टी तिच्या हातात ठेवून समजावता येते. आणि ज्यांनी दोन रेषा स्वतः पाहिल्या, ते ताप उतरल्यावरही अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाचे दहा दिवस पुरे करतात. पूर्वी बहुतेकांची बाटली तिसऱ्या दिवशीच फळीवर जात असे.

न्यूमोनियाबद्दल मात्र ही पट्टी काहीही सांगत नाही. त्यासाठी मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे लागतात. 1 ते 5 वर्षांच्या मुलात ते 40 किंवा अधिक भरले, तर मी घशाकडे न वळता आधी छाती तपासतो.