पाच दिवसांचं निवासी शिबिर की सहा महिन्यांचा कार्यक्रम?

मॅनेजरांच्या नव्या बॅचच्या प्रशिक्षणासाठी या दोनांतलं काय निवडायचं, हा पेच दरवर्षीचा. अभ्यासक्रमाची पत्रकं शेजारी ठेवून तो सुटत नाही, कारण विषय दोन्हीकडे तेच असतात: काम सोपवणं, फीडबॅक देणं, अवघड बोलणी. फरक कळतो तो सोमवारी.

शिबिर शुक्रवारी संपतं. शेवटच्या तासात कृती आराखड्याचा फॉर्म भरून घेतात, प्रत्येकी तीन संकल्प. सोमवारी माणूस जागेवर येतो तेव्हा आठवड्याचे मेल तुंबलेले असतात आणि साहेबांना त्या फॉर्मचा पत्ताच नसतो. त्यांचा पहिला प्रश्न, "तो रिपोर्ट कुठवर आला?" फॉर्म ड्रॉवरमध्ये जातो. खरं सांगायचं तर माझं पारडं सहा महिन्यांच्या कार्यक्रमाकडे झुकलं ते या फॉर्मपायीच.

शिबिराला कमी लेखायचं नाही. नुकतेच एकत्र केलेले विभाग असतील तर जेवणाच्या टेबलावर जे जुळतं ते ऑनलाइन सेशनमध्ये जुळत नाही. ३६० अंशांचा फीडबॅक, म्हणजे साहेब, सहकारी आणि हाताखालचे लोक अशा सगळ्या गटांनी नाव न सांगता दिलेला अभिप्राय, वाचायलाही निवांत अर्धा दिवस लागतो, पहिला तास "हे कुणी लिहिलं असेल?" यातच जातो. (प्रत्येक गटात निदान तीन अभिप्राय हवेत, नाहीतर लिहिणारा ओळखू येतो.)

सहा महिन्यांच्या कार्यक्रमात सुरुवातीचे दोन दिवस एकत्र, मग दर तीन आठवड्यांनी तीन तासांचं सेशन. त्यातलं कामाचं अंग म्हणजे पाच-सहा जणांचा छोटा गट. एकाने आपली चालू अडचण मांडायची, इतरांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. प्रत्येकाला तीस मिनिटं, आणि शेवटी 'पुढच्या वेळेपर्यंत मी काय करणार' हे एका वाक्यात. पुढच्या सेशनची सुरुवात त्याच वाक्याने होते, त्यामुळे ते ड्रॉवरमध्ये राहू शकत नाही. रेग रेव्हन्स यांनी १९४० च्या दशकात ब्रिटनच्या कोळसा खाणींतल्या व्यवस्थापकांना एकमेकांच्या अडचणींवर बसवलं, ती हीच पद्धत.

हा कार्यक्रम बिघडतो तो बहुधा तिसऱ्या महिन्यात. तिमाही अखेर येते, हजेरी गळते, कुणी बदली माणूस पाठवतो. बदली माणूस अजिबात घेऊ नये. गटातला मोकळेपणा तिथेच संपतो. दुसरी खोट कार्यक्रमात प्रत्येकाने करायच्या प्रोजेक्टमध्ये असते. विषय एचआरने ठरवला की शेवटी स्लाइड्स उरतात. सहभागी स्वतःच्या अधिकारात सहा आठवड्यांत बदलू शकेल एवढंच काम घ्यावं.

परिणामाचं म्हणाल तर डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन, निष्पत्ती. शिबिराचा अभिप्राय फॉर्म पहिल्याच पायरीवर थांबतो, आणि तिथे गुण नेहमी भरघोस पडतात. त्यापेक्षा हाताखालच्या लोकांना एकच प्रश्न विचारावा: काम देताना मुदत आणि अधिकार दोन्ही स्पष्ट सांगितले जातात का? कार्यक्रमाआधी एकदा, संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा. आधीचं उत्तर नसेल तर नंतरच्याला काही अर्थ नाही.

एक अट मात्र आहे. दर सेशननंतर साहेबांनी सहभागीसोबत वीस मिनिटं बसायला हवं. ती मिळणार नसतील तर शिबिरच घ्या, निदान ओळखी तरी होतील.