अल्फाफोल्ड डेटाबेस: आकाराआधी रंग पाहावेत

प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा अंदाज मशीन लर्निंगच्या आधारे देणारा अल्फाफोल्ड डेटाबेस डीपमाइंड आणि युरोपियन बायोइन्फर्मेटिक्स इन्स्टिट्यूट यांनी जुलै २०२१ मध्ये खुला केला आणि वर्षभरातच त्यातील रचनांची संख्या २० कोटींच्या पुढे गेली. वापरासाठी पैसे पडत नाहीत, खाते उघडावे लागत नाही. जनुकाचे नाव टाकले की रचना पडद्यावर फिरू लागते. सोयीच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

मात्र रचना जितकी देखणी, तितकी ती खरी मानण्याचा मोह अधिक. म्हणून आकाराकडे वळण्यापूर्वी रंग वाचावेत. प्रथिनाच्या साखळीतील प्रत्येक दुव्याला, म्हणजे अमिनो आम्लाला, ० ते १०० असा विश्वासार्हतेचा गुणांक दिलेला असतो आणि रंग त्यावरून ठरतो. ९० च्या वर गर्द निळा आणि ५० च्या खाली नारिंगी. कर्करोगाच्या संशोधनात सतत भेटणारे पी५३ हे ३९३ अमिनो आम्लांचे प्रथिन उघडून पाहावे. डीएनएला धरणारा मधला भाग गर्द निळा आणि घट्ट घडीचा दिसतो, तर सुरुवातीचा बराच भाग नारिंगी धाग्यासारखा लोंबत राहतो. तो धागा म्हणजे रचना नव्हे. त्या भागाला बहुधा ठरलेला आकारच नसतो. पानावर दिलेला, दोन भागांच्या परस्पर स्थितीतील संभाव्य चूक दाखवणारा आलेखही तितकाच महत्त्वाचा आहे. 

खरी मर्यादा रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत उघड होते. अंदाज उत्तम आहे, पण ऑक्सिजनला धरणारा हीम हा लोहयुक्त घटक नाही, म्हणजे लोहही नाही. विदर्भातील आणि नंदुरबारमधील आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात याच साखळीतील एका ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते. साखळीची घडी त्याने फारशी बदलत नाही. ऑक्सिजन सुटल्यावर शेजारचे रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनतात आणि आजार तिथे घडतो. एकट्या साखळीच्या चित्रात हे दिसण्याची अपेक्षा ठेवू नये.

क्ष-किरण स्फटिकशास्त्रात, म्हणजे स्फटिकावर क्ष-किरण सोडून रेणूची रचना शोधताना, स्वतःची मोजमापे उलगडताना प्रारंभिक प्रतिमान म्हणून हा डेटाबेस निःसंकोच वापरावा. एखाद्या उत्परिवर्तनाचा, म्हणजे जनुकातील बदलाचा, परिणाम ठरवायचा असेल, तर मात्र प्रयोगाला पर्याय म्हणून त्याची शिफारस करता येत नाही.