रॉकेट चूल: जळण वाचलं, वैल गेला

मातीची चूल मोडून पत्र्याची रॉकेट चूल घ्यावी का, असं मखमलाबादच्या आमच्या गल्लीतल्या बायका मला सारख्या विचारतात. मी म्हणते, घ्या. पण जळण बारीक करून, कडक वाळवून ठेवायची तयारी असेल तरच.

आमच्याकडे गॅस आहेच. तरी बाजरीच्या भाकरी आणि रविवारचं मटण परसातल्या चुलीवर होतं, कारण द्राक्षबाग घरची आहे आणि एप्रिलच्या खरड छाटणीला काड्यांचे ढीग निघतात. जळणाला पैसा लागत नव्हता, पण धूर सासूबाईंच्या छातीत जात होता. फुंकणी घेऊन वाकल्या की खोकल्याची उबळ यायची, डोळ्यांना धार लागायची, आणि तोंडाला पदर लावून त्या पुन्हा फुंकायच्या. ते बघवत नव्हतं.

चूल घेतली भांडी बाजारातून. दुकानदाराने मागच्या बोळात पेटवून दाखवली, त्यावर पाणी उकळून दाखवलं, मगच पैशांचं बोलला. दादा सातपूरला फॅब्रिकेशनच्या कामावर आहे, त्याला मुद्दाम सोबत नेलं होतं. त्याने पत्र्याच्या चकाकीकडे बघितलंसुद्धा नाही. आत हात घालून जाळाच्या नळीभोवती उष्णता धरून ठेवणारं अस्तर आहे का, तेवढं तपासलं. सगळी मेख तिथे आहे. लाकूड आडवं आत सरकतं, त्याच्या खालून हवा शिरते आणि जाळ अरुंद उभ्या नळीतून वर ओढला जातो. नळी चांगली तापली की लाकडातून निघणारा धूरही तिच्यातच जळतो. मातीच्या चुलीत तोच धूर तोंडातून बाहेर येतो, आणि बरीचशी आच भांड्याला न लागता इकडेतिकडे जाते.

खोक्यावर आयएस १३१५२ आहे का तेही बघून घ्या. हे जळणाच्या चुलींचं भारतीय मानक आहे. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे जळणातली किमान २५ टक्के उष्णता भांड्याला मिळाली पाहिजे, पंख्याच्या चुलीत ३५ टक्के. पंख्याची आम्ही घेतली नाही. परसात प्लग नाही, आणि चार्जिंग संपलं म्हणून भाकरी अडून राहिलेली आम्हाला चालणार नाही.

जळणाचं म्हणाल तर फरक डोळ्यांना दिसतो. पूर्वी नुसत्या भाकरींना जेवढा भारा लागायचा, त्याच्या निम्म्यात आता भाकरी होतात आणि आमटीही. अंगठ्याएवढ्या जाडीच्या काड्या उत्तम जळतात. बाभळीचं जाड लाकूड चिरून ढलप्या कराव्या लागतात, तो व्याप वाढला. काडी ओली असली तर मात्र ही चूलही डोळ्यांतून पाणी काढते, म्हणून छाटणीच्या काड्या आम्ही आता पत्र्याच्या शेडखाली रचतो. धूर अगदी शून्य होत नाही, तेव्हा बंद खोलीत पेटवू नका.

आता भाकरी. मातीच्या चुलीत तव्यावरची भाकरी काढायची, तोंडाशी आर ओढायचा आणि त्याच्यापुढे ती उभी करायची, की टम्म फुगायची. इथे आर ओढायला जागाच नाही, निखारे जाळीतून खाली पडतात. सासूबाईंनी त्यावर तोड काढली. दोन काड्या मागे ओढायच्या, ज्वाळा बसू द्यायची, तवा उतरवून भाकरी चिमट्याने तोंडावर धरायची आणि लगेच फिरवायची. फुगते. पण जरा रेंगाळलं की कड करपते आणि पापुद्र्याला काजळी धरते. आरावरच्या भाकरीची चव मला अजून यात मिळालेली नाही, हे स्पष्ट सांगते.

त्याहून मोठं नुकसान वैलाचं, म्हणजे मातीच्या चुलीला मागे जोडलेल्या दुसऱ्या तोंडाचं. पुढे भाकरी चालली असताना मागे वैलावर आमटी रटरटत राहायची, तिला वेगळं जळण लागत नव्हतं. या चुलीवर एका वेळी एकच भांडं. त्यामुळे आम्ही आमटी आधी उकळून घेतो, भाकरी होईपर्यंत झाकून ठेवतो, आणि शेवटी पुन्हा गरम करतो.

मटणाचं मोठं पातेलं ठेवलं की चूल डुगडुगायची. चार विटांच्या कट्ट्यावर ठेवून पायांना दोन्ही बाजूंनी वीट लावल्यावर ती पक्की बसली, आणि सासूबाईंचं वाकणंही कमी झालं. त्यांना विचारलं तर म्हणतात, "एकदा पेटली की फुंकावं लागत नाही गं, मला तेवढं पुष्कळ आहे." सकाळचा खोकला खरंच कमी झालाय. माझ्या दृष्टीने एवढ्यावर चुलीचे पैसे वसूल झाले.

मापाचं तेवढं बघा. आमच्या सात माणसांना मधलं माप जेमतेम पुरतं. पाहुणेरावळे जास्त असतील तर मोठंच घ्या. जाताना घरचा तवा आणि सगळ्यात मोठं पातेलं सोबत न्या, दुकानातच चुलीवर ठेवून हलवून बघा, आणि राखेची जाळी हाताने सुटी होते का तेही काढून बघा.