एन-लिस्ट आणि शोधगंगा: आठ महिने वापरल्यावर

बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात मी तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. सोबत पीएच.डी. चालू आहे, विषय ऊसतोड मजुरांचं हंगामी स्थलांतर. श्रावणात एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन नियतकालिकं आणि पुस्तकं वाचायला देणाऱ्या सेवेचं लॉगिन मिळालं, तेव्हापासून जवळपास रोज वापरतेय.

लॉगिन मिळायलाच तीन आठवडे गेले. कॉलेजनं सदस्यत्व कधीचंच घेतलेलं, पण आपलं नाव नोंदवा म्हणून ग्रंथालयात येणारी मीच पहिली असावी. शिपाई मामांनी रजिस्टर शोधलं, ग्रंथपाल मॅडमनी नाव भरलं आणि पासवर्डचा मेल माझ्याच स्पॅममध्ये पडून राहिला.

आत मात्र भांडार आहे. ६,००० हून जास्त नियतकालिकं आणि दीड-दोन लाखांच्या घरात ई-पुस्तकं. एरवी एका लेखासाठी दोन-तीन हजार रुपये मागणारी पानं इथं मुकाट उघडतात. पहिल्याच रात्री मी हौसेनं ‘शुगरकेन हार्वेस्टर’ असं इंग्रजीत टाकलं. ढिगानं लेख आले, सगळे यंत्रांचे. पात्याचा कोन किती, डिझेल किती लागतं, वगैरे. कोयता धरणारा माणूस एकाही लेखात नव्हता! पुढचे पंधरा दिवस मी सगळ्यांना सांगत होते की आपल्या विषयावर काहीच नाही.

ते खोटं होतं. ग्रंथपाल मॅडमनी एका दुपारी समोर बसवून आधी कागदावर शब्द लिहायला लावले. मजूर म्हणजे वर्कर, लेबरर, कटर. स्थलांतर म्हणजे मायग्रेशन, पण कुणी सर्क्युलर म्हणतं, कुणी सीझनल. एकाच अर्थाच्या शब्दांमध्ये ‘ऑर’, दोन वेगळ्या कल्पनांमध्ये ‘अँड’, जोडशब्दाला अवतरणचिन्हं. ‘मायग्रेशन’चं इंग्रजी स्पेलिंग पहिल्या पाच अक्षरांवर तोडून पुढं चांदणीची खूण (*) टाकली की मायग्रंटही येतं. त्या तासाभरात हाती आलेले लेख मला वर्षभर पुरतील. हे बी.ए.च्या पहिल्या वर्षी का शिकवत नाहीत, हा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

गावाच्या नावाचाही घोळ. १९६९ च्या इंग्रजी जिल्हा गॅझेटियरवर बीड नाही, ‘भीर’ आहे. जुनी जनगणना शोधतानाही तेच. नवं स्पेलिंग टाकून बसलात तर जुना जिल्हा सापडायचाच नाही.

शोधगंगेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझं खरं काम तिथं झालं. पीएच.डी.चे प्रबंध इथं फुकट, लॉगिनची कटकट नाही. प्रत्येक प्रकरणाची फाईल वेगळी असते. माझी सवय अशी की प्रबंध उघडला की सगळ्यात आधी संदर्भसूचीची फाईल उतरवायची. त्या माणसानं चार-पाच वर्षं हिंडून जमवलेली यादी एका क्लिकवर हातात येते. प्रबंध सुमार असला तरी यादी कामाची निघते.

मराठी प्रबंध शोधताना मात्र जीव रडकुंडीला येतो. काही शीर्षकं रोमन लिपीत भरलेली असतात. ‘मराठवाड्यातील’ हा एकच शब्द कुणी एका ‘आय’नं लिहितं, कुणी दोन ‘ई’नं. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फायली डोळ्यांना मराठी दिसतात, पण त्यातला मजकूर कॉपी केला की अगम्य चिन्हं उमटतात. मग शोधयंत्र बिचारं काय वाचणार? शेवटी मी विभागानुसार याद्या उघडून हातानंच चाळल्या. वेळखाऊ आहे, पण दुसरा उपाय मला सापडला नाही.

१ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या, संशोधन नियतकालिकांची एकत्र वर्गणी भरणाऱ्या योजनेचा गाजावाजा सगळ्यांनी ऐकलाच असेल. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. पण ती योजना सरकारी संस्थांसाठी, आमचं कॉलेज खाजगी संस्थेचं. विद्यापीठात काम निघालं की मी यादी घेऊनच एसटीत बसते आणि तिथं बसून लेख उतरवते.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही मी हे दाखवलं. बहुतेकांनी मोबाईलवर जे पहिलं आलं तेच प्रकल्पात चिकटवलं. एक मुलगी मात्र तासाभरानं आली, म्हणाली, “मॅडम, यात ‘अ‍ॅडव्हान्स’ लिहिलंय ती आपली उचल ना? आणि ‘कॉन्ट्रॅक्टर’ म्हणजे मुकादम?” तिचे आईवडील दरवर्षी कोयत्यावर जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे तिला कुठल्या लेखातून कळायची गरज नव्हती. माझ्या शब्दांच्या कागदावर तिनं ‘टोळी’ आणि ‘उचल’ मराठीत लिहिलं, पुढं रोमनमधली दोन-दोन स्पेलिंगं. त्यातल्या एकावर मला न सापडलेला प्रबंध निघाला. वर्षभर संशोधक म्हणून मिरवत होते, हा शब्द मात्र मला सुचला नव्हता.

तिचंही लॉगिन आता झालंय. गावात रेंज फक्त मारुतीच्या पारावर येते, तीही संध्याकाळी जाते. म्हणून ती शनिवारी ग्रंथालय बंद होईपर्यंत बसते, आठवड्याभराच्या पीडीएफ मोबाईलमध्ये भरून घेते आणि शेवटची एसटी पकडते.