७५ इंची टच पॅनल, दहा महिन्यांनंतर: आधी खडू हटवा

ऐरोलीच्या मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीसाठी हा पॅनल रोज पाच-सहा तास चालतो. फोर-के, अँड्रॉइड वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देते. लिहायचं कारण वेगळं. मागच्या पंधरवड्यात डावीकडचा हातभर उभा पट्टा टच घेईना. सर्व्हिसवाल्यांनी फोनवरच निकाल दिला: टच फ्रेम गेली, बदलावी लागेल, वॉरंटीत बसत नाही. फ्रेमला काहीही झालेलं नव्हतं. खालच्या पट्टीच्या कोपऱ्यात खडूची भुकटी साचली होती.

विकताना हे कुणी सांगत नाही. या पॅनलमध्ये स्पर्श काचेला कळत नाही. चौकटीच्या दोन बाजूंना इन्फ्रारेड एलईडी असतात आणि समोरच्या बाजूंना त्यांचे किरण पकडणारे सेन्सर. बोट मध्ये आलं की उभे-आडवे किरण तुटतात, त्यावरून जागा ठरते. भुकटीने किरण कायमचे अडले की तेवढा पट्टा बंद पडतो, नाहीतर हात न लावता आपोआप क्लिक होत राहतात. आपल्याकडे पॅनल हमखास फळ्याला खेटून बसवतात, म्हणजे दर तासाला भर पडतेच. डस्टलेस खडूनेही सुटका नाही. त्याची भुकटी जड असते, उडत नाही, पण खाली पडते ती नेमकी त्या पट्टीवर. शेजारी मार्करचा पांढरा बोर्ड लावा, हाच खरा उपाय.

सफाई शनिवारी, दहा मिनिटांची. प्लग काढा. रंगकामाच्या मऊ, कोरड्या ब्रशने खालची पट्टी झाडून घ्या. मग मायक्रोफायबर कापड ओलं करून घट्ट पिळा आणि चौकटीच्या आतल्या कडेची काळी पट्टी चारही बाजूंनी पुसा, लगेच कोरडं कापड फिरवा. थेट फवारा कधीही मारू नका, पाणी चौकटीत उतरतं. चालू केल्यावर चारही कडांजवळून एकेक सलग रेघ ओढा. जिथे तुटेल तिथे अजून घाण आहे.

किरण काचेच्या किंचित वरून जातात, त्यामुळे पदराचं टोक, ओढणी, बांगड्या हेही पॅनलला बोटच वाटतं. मोठा स्पर्श म्हणजे डस्टर असं तो धरतो आणि पदर टेकला की अर्धं गणित पुसलं जातं. सेटिंगमध्ये तळहाताने पुसण्याची सोय बंद करता येते, पहिल्याच दिवशी करा. देवनागरीला त्रास जास्त, कारण आपण पेन सारखं उचलतो. पेन पुरेसं वर गेलं नाही तर अनुस्वाराला शेपूट फुटतं. ‘चिंच’ लिहून बघा. पेन काटकोनात धरायचं आणि बोटभर वर उचलायचं, आठवड्याभरात हाताला सवय होते. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा हवाच. दुपारचं ऊन थेट पडलं की सेन्सर दिपतात.

पहिल्या सत्रात मी याला दोनच तारे दिले असते. मराठी पीपीटीत अक्षरांची खिचडी दिसायची आणि दोष पॅनलचा वाटायचा. तो जुन्या श्रीलिपी फाँटचा होता. ज्या संगणकावर तो फाँट आहे तिथेच पीडीएफ करून आणा, नवीन सगळं युनिकोडमध्ये करा. लॅपटॉप जोडल्यावर टच चालत नाही, हीही तशीच तक्रार. एचडीएमआयमधून फक्त चित्र आणि आवाज येतो. टचसाठी चौकोनी टोकाची यूएसबी केबल वेगळी लागते, ५ मीटरपर्यंत साधी, पुढे ॲक्टिव्ह, म्हणजे सिग्नल वाढवणारी.

आता चार तारे, आणि ते एकट्या जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरसाठी. दहावीचं ‘वर्तुळ’ प्रकरण. एका कंसात अंतर्लिखित कोन काढायचा, मुलाला बोलावून शिरोबिंदू कंसावरून सरकवायला लावायचा. बिंदू फिरतो, कोनाचा आकडा ढिम्म हलत नाही. बिंदू कंसाच्या टोकापलीकडे, वर्तुळाच्या दुसऱ्या भागावर गेला की आकडा बदलतो आणि दोन्ही मिळून १८० होतात. फळ्यावर पाच आकृत्या काढूनही हे इतकं लख्ख दाखवता येत नाही.

कंपनीचं प्रशिक्षण म्हणजे तासाभरात चाळीस सोयी. शिक्षकांना आधी चारच गोष्टी पक्क्या द्या: लिहिणं, पान साठवणं, लॅपटॉप जोडणं, चौकट पुसणं.

एक तारा कापला तो सर्व्हिससाठी. ब्रश फिरवून दिल्याचेही भेटशुल्क लावले. पट्टा बंद पडला तर आधी पुसा, रेघांची चाचणी व्हिडिओत घ्या आणि मगच तक्रार नोंदवा. फ्रेम बदलायची म्हणाले, तर कुठला किरण तुटलाय ते पॅनलवरच दाखवा म्हणावं.