वाळूवरचं हरळीचं मैदान: एका हंगामाच्या वापरानंतर

कोल्हापुरात मैदानाच्या नूतनीकरणाची चर्चा गॅलरीपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा गॅलरीवरच थांबते. शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल सामन्यांना उसळणारी गर्दी पाहिली की ते साहजिकच वाटतं. पण मैदान टिकणार की नाही, हे पायाखालच्या एका फुटात ठरतं. वाळूवर हरळी लावलेल्या एका मैदानावर ऑक्टोबर ते मे असे आठ महिने खेळून झाल्यावर त्या एका फुटाबद्दल खात्रीनं लिहिता येतं.

रचना अशी: तळाला दाबलेला मुरूम, त्यात दर ५ मीटरला चर आणि छिद्रांचे पाईप, वर १० सेंटिमीटर धुतलेली खडी, त्यावर ३० सेंटिमीटर वाळू आणि हायब्रीड हरळी. १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानाला नुसती वाळूच सुमारे ७५७ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागते, तीही दबून बसल्यानंतरच्या मापानं. त्यामुळे मागवताना जास्तच धरावी लागते.

सगळा घोळ इथेच होतो. नदीची वाळू मिळत नाही म्हणून क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घेतात, त्यात चूक काही नाही. पण ती धुतलेली हवी. न धुतलेल्या क्रश सँडमधली भुकटी पाण्याबरोबर खाली उतरते आणि थर धरते. या मैदानाच्या ईशान्य कोपऱ्यात अशा काही खेपा पडल्या. जोराच्या पावसात बाकीचं पाणी अर्ध्या तासात जिरलं, तिथलं दुसऱ्या सकाळपर्यंत तसंच साचून होतं. कुदळीनं उकरलं तर ८ सेंटिमीटरवर सिमेंटसारखा राखाडी पापुद्रा, आणि हरळीची मुळं त्याला टेकून आडवी वळलेली. पोकळ दातांच्या यंत्रानं १० सेंटिमीटर खोल भोकं पाडून, निघालेले गोळे उचलून, भोकांत धुतलेली वाळू भरली. असं तीनदा केल्यावर कोपरा बराच सुधारला, पण पूर्ण नाही. तो उकरून नव्यानं भरणं हाच खरा इलाज. तपासणी सोपी आहे: काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर पाणी, जोरात हलवून तासभर ठेवायची. वाळूवर भुकटीची साय दिसली की डंपर परत पाठवायचा. हे प्रत्येक खेपेला करायचं, फक्त पहिल्या नाही.

गवताबद्दल मत बनवायचं तर ऑगस्टमध्ये बनवू नये. पावसाळ्यात हरळी कुठेही हिरवीगार असते. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या आसपास उतरलं की तिची वाढ जवळपास थांबते, आणि आपला हंगाम नेमका तेव्हा रंगात येतो. झीज रोजची, भरून येणं शून्य.

त्यात सावलीची भर. २१ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीसुद्धा कोल्हापुरात सूर्य फक्त ५० अंशांवर असतो, तोही दक्षिणेला. १० मीटर उंच गॅलरीची सावली तेव्हा ८.४ मीटर पडते. दक्षिणेची गॅलरी गोलरेषेपासून ३ मीटरवर असेल, तर गोलसमोरचा सहा यार्डांचा चौकोन जवळजवळ अख्खा सावलीत जातो. गोलकीपरच्या बुटांनी सगळ्यात जास्त तुडवली जाणारी जागाच उन्हाला मुकते. इथला दक्षिण गोल जानेवारीच्या मध्यालाच टकला झाला. उत्तरेचा मार्चपर्यंत तगला. मिलानच्या १९२६ च्या सान सिरोवर १९९० च्या विश्वचषकासाठी तिसरा मजला आणि छत चढवलं, तेव्हा तिथलं गवतही असंच ऊन-वाऱ्याला मुकलं. गॅलरी वाढवायचा नकाशा आला की आधी सावली मोजा.

वाळू पाणी धरत नाही, खतही नाही. एप्रिलमध्ये रोज ५ मिलिमीटर पाणी म्हणजे जवळपास ३६,००० लिटर, दहा हजारी साडेतीन टँकर, तेही पहाटे. वाढीच्या काळात युरिया महिन्याला ७८ किलोच्या आसपास, पण चार हप्त्यांत. एकदम टाकला तर थोडा गवत जाळतो आणि उरलेला पाईपातून वाहून जातो. गवताची उंची २५ मिलिमीटर, कापणी सिलिंडर मोवरनं (फिरत्या नळकांड्यावर पाती असलेलं यंत्र), एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्साच. आखाड्यातली लाल माती तेल-ताक-हळद घालून रोज खोऱ्यानं उकरावी लागते, हे तालमीत कुणाला शिकवावं लागत नाही. या वाळूलाही तसाच रोजचा हात लागतो, आणि त्या माणसाचा पगार बांधकामाच्या अंदाजपत्रकात बहुधा धरलेलाच नसतो.

खेळायला मैदान उत्तम आहे. उसळी सारखी, जमिनीवरचा पास सरळ जातो, घसरून टॅकल केलं तरी गुडघे सोलत नाहीत. पुन्हा करायचं झालं तरी असंच करावं, फक्त बाजूला २०० चौरस मीटरची हरळीची नर्सरी सुरुवातीपासून हवी, म्हणजे दोन्ही गोलांसमोरचे तुकडे बदलता येतात. दक्षिणेचा तुकडा आता जूनच्या पावसाबरोबर बदलायचा आहे. नर्सरीतले चौकोन उचलण्याआधी त्यांच्याखालची वाळूही बरणीत पाहून घ्यायची.