तीन व्हॉल्व्हचा ट्युबा: फॉल्स टोन शिकावेत की चौथा व्हॉल्व्ह घ्यावा?

यॉर्कशरमधल्या एका छोट्या गावाच्या ब्रास बँडमध्ये मी बी फ्लॅट बास, म्हणजे खर्जातला मोठा ट्युबा वाजवतो. त्याचा व्हॉल्व्ह दाबला की हवा जादाच्या नळीतून फिरते आणि सूर उतरतो; फॉल्स टोन म्हणजे व्हॉल्व्हनी न मिळणारे खालचे सूर ओठांनी काढणं. आधी बँडने दिलेला तीन व्हॉल्व्हचा जुना ट्युबा होता, मग दोन वर्षं चार व्हॉल्व्हचा कॉम्पेन्सेटिंग वाजवला. आता पुन्हा तीनवर आलो आहे. ज्यांना हा निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव.

अडचण नेमकी कुठे येते, ते सरगमात सांगणं सोपं जाईल. मोकळ्या नळीचा, म्हणजे एकही व्हॉल्व्ह न दाबता येणारा बी फ्लॅट हा सा धरा. तिन्ही व्हॉल्व्ह दाबून आपण त्याखालच्या तीव्र मध्यमापर्यंत उतरतो. तिथून पुढे शुद्ध म, ग, कोमल ग, रे आणि कोमल रे हे पाच सूर नाहीतच. मग एकदम पुन्हा मोकळ्या नळीवर खालचा सा, म्हणजे पेडल.

चौथा व्हॉल्व्ह ही जागा रीतसर भरतो. शिवाय पहिला आणि तिसरा मिळून जो पंचम नेहमी चढा लागतो, तो चौथ्यावर जागच्या जागी येतो. या एका सुरासाठीही चार व्हॉल्व्ह घेणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. मात्र साधा चौथा घेतलात तर खाली जाता जाता प्रत्येक सूर अधिकाधिक चढत जातो आणि कोमल रे शेवटी हाती लागतच नाही. म्हणून कॉम्पेन्सेटिंग. डेव्हिड ब्लेकली यांनी लंडनच्या बूझी कंपनीत असताना १८७४ मध्ये काढलेली ही युक्ती. चौथा दाबला की हवा बाकीच्या व्हॉल्व्हमधून दुसऱ्यांदा फिरते आणि वाटेत कमी पडलेली लांबी जादाच्या छोट्या नळ्यांतून भरून निघते.

या छोट्या नळ्यांनीच माझा निर्णय केला.

इथे डिसेंबरभर बँड रस्त्यावर, चौकात, वृद्धाश्रमांच्या अंगणात उभं राहून कॅरोल, म्हणजे नाताळची गाणी वाजवतो. थंडीत श्वासाचं पाणी फार लवकर साचतं. मुख्य नळीतलं पाणी कळ दाबून काढता येतं, पण माझ्या वाद्याच्या त्या छोट्या वळणांना कळ नव्हती. एकेक स्लाइड (ओढून काढता येणारी नळी) उपसून, उलटी करून पाणी झटकायचं, तेही दोन कडव्यांच्या मधल्या उसंतीत. एका संध्याकाळी शेवटच्या संथ कडव्यात बासचा खालचा ग एकटाच धरायचा होता. मी चौथा दाबला आणि सुराऐवजी गुळगुळ ऐकू आली. समोर खुर्च्यांवर आजी-आजोबा डोळे मिटून ऐकत होते. तो क्षण मला अजून बोचतो. नळ्या कोरड्या असतानाही त्या दुहेरी फेऱ्यामुळे खालचे सूर मला जरा कोंडलेले वाटायचे, पण ते सवयीने निभलं असतं.

आता फॉल्स टोन. ‘फॉल्स’ या शब्दावर जाऊ नका, सूर खराच असतो. तीव्र म तिन्ही बोटांनी धरा, ओठ थोडे सैल सोडा आणि बोटं एकदम उचला. मोकळ्या नळीवर शुद्ध म उभा राहतो. पुढे वरच्या सापासून खाली उतरताना जी बोटं, तीच इथे: दुसरा दाबला की ग, पहिला की कोमल ग, पहिला-दुसरा मिळून रे, दुसरा-तिसरा मिळून कोमल रे. पाचही सूर हजर.

तंबोरा ऐकलेल्या माणसाला यामागचं कारण पटकन पटेल. नळीत या मध्यमाचा स्वतःचा अनुनाद नाही. पण त्याचा तिसरा उपस्वर म्हणजे त्याचा पंचम, आणि मध्यमाचा पंचम म्हणजे सा. तो सा नळीत पक्का आहे, आणि त्याच्या जोरावर खालचा मध्यम उभा राहतो. आकडे पाहिलेत तरी मध्यम सुमारे ३८.९ हर्ट्झ, त्याची तिप्पट ११६.७ आणि नळीचा चौथा उपस्वर ११६.५.

आधार असा उसना असल्यामुळे हे सूर नाजूक असतात. ओठ जरा ढिले पडले तर सूर घसरतो, जोरात फुंकलं तर पसरतो. फार हळू आवाजात वाजवतानाही माझा रे अजून कधीकधी डळमळतो. मला रोज दहा मिनिटं देऊन चारेक महिने लागले. तुम्हाला कमी-जास्त लागतील. प्रत्येक ट्युबावर ते सारखे लागतही नाहीत. स्पर्धेच्या पहिल्या फळीत वाजवणाऱ्याला किंवा खर्जातून भरभर जाणाऱ्या ओळी रोज समोर येणाऱ्याला मी चार व्हॉल्व्हचाच सांगेन.

पण गावच्या बँडमध्ये, जिथे असे सूर एका संध्याकाळी पाच-सहा वेळा येतात आणि बहुतेक वेळा लांब धरायचे असतात, तिथे मला फॉल्स टोनचा मोकळा, रुंद आवाज जास्त आवडतो. व्हिट फ्रायडेला, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणानंतरच्या शुक्रवारी, गावोगाव चालत मार्च वाजवताना खांद्यालाही वजनाचा फरक कळतो.

पैसे भरण्याआधी एक करा. हातात असलेल्या तीन व्हॉल्व्हच्या ट्युबावर महिनाभर तो मोकळा मध्यम शोधा. महिन्यानेही तो अजिबात बोलला नाही, तर खुशाल चार व्हॉल्व्हचा घ्या, आणि दुकानात प्रत्येक छोटी स्लाइड स्वतःच्या हाताने ओढून पाहा, हातमोजे घालून.